रूमला जाऊन आलेली टोपी

तटबंदीच्या शहरात मी हरवूच शकत नाही! हे मी पूर्वी कोणापुढेही छाती ठोकून सांगत असे. ज्याचं लहानपण जुन्या जालन्यात मस्तगडाच्या सावलीत गेलं आणि ज्यानं औरंगाबादचे बावन्न दरवाजे नावानिशी पाठ केले, त्याला वेस म्हणजे काय ते दुसऱ्या कोणी शिकवायचं? माझा नियम सोपा होता. तटाला डावा हात लावायचा आणि चालत सुटायचं. आज ना उद्या आपण जिथून निघालो त्याच दरवाज्याशी येतो. कारण तट हा शेवटी गोलच असतो!

हा नियम मी अंबडच्या तहसील कचेरीत इतक्या वेळा ऐकवला होता, की मी "तट" म्हणालो की शिपाई कडूबा मुकाट्यानं आपला डावा हात वर करायचा.

त्या कचेरीत मी अहलकार होतो. अहलकार म्हणजे कारकूनच, पण निजामाच्या राज्यात ते असं भारदस्त म्हणत. पगार मात्र कारकुनाचाच असे. कचेरीत शेरवानी आणि रूमी टोपी घालून बसायचं. लाल, उभी, काळ्या गोंड्याची टोपी. काम करताना आम्ही बाराही जण आपापल्या टोप्या भिंतीवरच्या खुंट्यांना अडकवायचो, आणि मोठी पंचाईत तिथंच व्हायची. बाराही टोप्या एकाच रंगाच्या आणि एकाच घाटाच्या! संध्याकाळी ज्याच्या हाताला जी लागेल ती त्याची. एकदा मी आमच्या वरच्या कारकुनांची, नाझरांची, टोपी घालून घरी आलो, ती नाकापर्यंत उतरली होती. दारात आमच्या कुटुंबानं मला ओळखलंच नाही.

कुटुंबाचं नाव उमा. (हे लिहितो आहे म्हणून, तोंडानं मी अजून घेतलेलं नाही.) तिला अक्षरओळख नव्हती, पण हातात सुई आली की ती कोणाला ऐकत नसे. दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्या टोपीच्या आत, बरोबर माथ्यावर, हिरव्या रेशमाचा एक राघू काढला. एवढासा, चिंचोक्याएवढा! आणि त्याच्या चोचीत लाल मिरची.

"आता बघा टोपी उलटी करून," ती म्हणाली. "राघू असंल तर तुमची. न्हाई तर खुंटीला परत लावायची."

तेव्हापासून माझी टोपी कधी बदलली नाही. मी रोज संध्याकाळी टोपी उलटी करायचो, राघूला बघायचो आणि घरी जायचो.

तर हे १९२५ साल. दिवाळीच्या आधी जालन्याचे शांतिलाल शेठ घाम पुसत अंबडला आले. शेठ रुईचे व्यापारी. त्यांनी मुंबईच्या दलालाकरवी रुईच्या काही गाठी थेट इस्तंबूलला धाडल्या होत्या, त्या तिथल्या बंदरात अडकून पडल्या. दलालानं हात वर केले. कागद सगळे उर्दूसारख्या लिपीत, आणि शेठला मारवाडी मुडी सोडून दुसरं काही वाचता येत नव्हतं.

"पंत, तुमी फारसी शिकलेले. माझ्यासंगं चला," शेठ म्हणाले. "जाण्यायेण्याचा खर्चा माझा. खायचं बी माझंच. बाहेरचं काई तोंडात घालायचं न्हाई!"

इस्तंबूल! आमच्याकडे त्याला रूम म्हणत. हजार वर्षांचा तट असलेलं शहर! माझा डावा हात शिवशिवायला लागला. मी रजेचा अर्ज घेऊन तहसीलदारसाहेबांपुढे उभा राहिलो.

साहेब मोठे शौकीन आणि दिलदार. अर्जावर 'रूम' वाचलं आणि त्यांनी चष्मा काढला.

"नरहर राव, तुम रूम जा रहे? हमने तो उम्रभर खाली ख्वाब देखा!" चष्म्याची काच त्यांनी शेरवानीच्या टोकाला पुसली. मग हळूच म्हणाले, "एक काम करो. हमारे वास्ते वहाँ से एक टोपी लाना. असली रूमी टोपी, रूम की बनी हुई. ये यहाँ की तो सब नकल है." आणि सही करता करता, जसं काही सहज आठवलं, "पेशकार की जगह खाली है, मालूम ना?"

मालूम म्हणजे काय! पेशकार म्हणजे साहेबांच्या उजव्या हाताला बसणारा, कागद वाचून दाखवणारा. अंबड तालुक्यात साहेबांखालोखाल पेशकाराला लवून सलाम पडायचा. त्या जागेची मी अकरा वर्षं वाट बघत होतो, आणि आता ती एका टोपीवर आली होती!

घरी सांगितलं तेव्हा कुटुंबानं कपाळाला हात लावला. "समुद्र वलांडायचा? ब्राह्मणानं?"

"पेशकारी हाय त्यात."

तिनं कपाळावरचा हात काढला. "मंग जा. पर आल्यावर तुमाला बी धुऊन घेईन अन् सामानाला बी. माझ्या बापानं लग्नात दिलेलं घड्याळ तेवढं जपा."

घड्याळ खिशात, राघू डोक्यावर आणि शेठ पुढे, असे आम्ही निघालो. बोटीत काय झालं ते सांगत नाही. पहिले दहा दिवस मी आडवा होतो, पुढचे दहा शेठ आडवे होते. पोर्ट सैदला बोट बदलली आणि मला जरा तरतरी आली. मी शेठला रोज समजावत होतो, "शेठ, तुमी तुमच्या पगडीचं बघा. माझी चिंता सोडा. रूमच्या मुलखात रूमी टोपीवाला म्हंजे घरचाच माणूस! दरवाज्यावरचा शिपाई उठून सलाम करंल!"

शेठ खाखऱ्याचा तुकडा मोडत म्हणाले, "बराबर."

इस्तंबूलला उतरलो आणि बंदराजवळच्या एका सराईत खोली घेतली. जुनं शहर पुलाच्या पलीकडे. शेठनं खोलीत शिरताच चूल मांडली, खिचडी टाकली आणि जाहीर केलं की आपल्याला गावाशी काही घेणं नाही, आडतीच्या माणसाला इथंच बोलावू. मला म्हणाले, "तुमी सकाळच्याला फिरून या. दुपारी कागद वाचाया लागतील."

मी शेरवानी चढवली, टोपी नीट बसवली, गोंडा मागं झटकला आणि पूल ओलांडून निघालो.

वाचकहो, काय तो मान! लोक थांबून थांबून बघायला लागले. दुकानदार दारात आले. एक म्हातारा मला पाहून थबकला आणि त्यानं डोळे पुसले. एका बाईनं वरच्या खिडकीतून हात हलवून काहीतरी सांगितलं, अगदी कळवळून, 'जा, जा' केल्यासारखं. मी मनात म्हटलं, बघा! परक्याचं कौतुक करायला मन मोठं लागतं. मी दोन्ही बाजूंना आदाब करत चाललो. नवल एवढंच, की त्या अख्ख्या गर्दीत माझ्यासारखी टोपी मला एकही दिसेना. कोणी साहेबी हॅट घातलेली, कोणी उघडाबोडका. म्हटलं, सगळ्यांच्याच घरी सुतक आहे की काय?

समोरून एक पोलीस आला. मिशा आमच्या कडूबाच्या दुप्पट. त्यानं माझ्या टोपीकडे बोट केलं. मी गोंडा पुढे घेऊन दाखवला. त्यानं हात पुढे केला. मी म्हटलं, बघू दे बिचाऱ्याला, हौस असेल. टोपी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती न बघताच खांद्यावरच्या पोत्यात टाकली!

"अहो! माझी टोपी!"

पण आता पोलीस टोपीकडे बघतच नव्हता. तो माझ्या डोक्याकडे बघत होता. टोपीखाली गुंडाळून ठेवलेली माझी हातभर शेंडी मोकळी होऊन खांद्यावर आली होती. त्यानं तिला दोन बोटांनी धरून वर उचललं, शिट्टी मारली आणि दुसऱ्या पोलिसाला बोलावलं. दोघांनी मिळून मला ठाण्यावर नेलं.

ठाण्यात शिरलो आणि मला सगळं दिसलं, पण कळलं काहीच नाही. कोपऱ्यात टोप्यांचा ढीग! लालच लाल, छताला टेकलेला. जालन्याच्या बाजारात मिरचीचा ढीग असतो तसा. पोलिसानं पोतं उलटं केलं आणि माझी टोपी त्या ढिगावरून गडगडत खाली गेली, दिसेनाशी झाली. माझा राघू गेला! साता समुद्रापलीकडे, परक्यांच्या टोप्यांत. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तिथल्या एका वयस्कर मुन्शीला फारसी येत होती. माझी फारसी कचेरीतली, अर्जाविनंत्यांची. त्याची जरा बरी. त्यानं मला बसवून समजावलं, की आठ-दहा दिवसांपूर्वीच नवा कायदा झाला. रूमी टोपी बंद! ज्यानं त्यानं हॅटच घालायची. म्हणजे आम्ही पोर्ट सैदच्या पुढे हिंदकळत होतो तेव्हा!

"पण तो गुन्हा लहान आहे," मुन्शी म्हणाला. "हे काय आहे?"

आणि त्यानं माझ्या शेंडीकडे लेखणी केली. झालं होतं असं, की त्यांच्या सरकारनं टोपीपाठोपाठ फकिरांचे मठही बंद केले होते. ही कोणत्या मठाची खूण, हे त्यांना हवं होतं.

"ही शेंडी. आमच्याकडे सगळ्यांनाच असते."

"सगळ्यांना?" त्यानं घाईघाईनं लिहून घेतलं. "किती जण?"

"लाखो!"

मुन्शीच्या हातून लेखणी पडली. "आणि तुम्ही त्यांचे प्रमुख? तुमचे शिष्य किती?"

"शिष्य कुठले! घरी एक बायको आहे, तीसुद्धा ऐकत नाही."

हे त्यानं तुर्कीत सांगितलं आणि ठाण्यातले सगळे खो खो हसले. मिशीवाल्यानं तर माझ्या पाठीवर थाप मारली. न ऐकणाऱ्या बायकोचा हा मठ तर दुनियाभरचा निघाला! त्यांनी माझा पासपोर्ट बघितला, परदेशी आहे म्हणून सोडून दिलं. पण टोपी? मुन्शीनं ढिगाकडे हात केला. शोधणार कोण? एक हमाल तर त्यातली पोती भरून बाहेरच्या गाडीवर टाकायलाही लागला होता.

बाहेर पडलो तो उघड्या डोक्यानं. आता आमच्याकडे भर रस्त्यात उघड्या डोक्यानं माणूस कधी चालतो? घरात कोणी गेलं तरच! मी पटकन उपरणं काढून डोक्याला गुंडाळलं. मिशीवाला मागून धावत आला. फेटाही बंद! मग हॅट घ्यायला दुकानात गेलो तर दुकानं मोकळी. अख्खं शहर एका आठवड्यात हॅट घ्यायला धावलेलं, राहणार काय? एका दुकानदारानं कपाटाच्या मागून एक ओढून काढली. जांभळी, सुपाएवढी, वर पीस आणि बाजूला मेणाच्या द्राक्षांचा घोस. बायकांची होती हे मला कळत का नव्हतं? पण शेजारीच एक पोट सुटलेला गृहस्थ तसल्याच गुलाबी हॅटसाठी घासाघीस करत होता. म्हटलं, इथं लाजायला ओळखीचं कोण आहे!

असा मी द्राक्षं हलवत रस्त्यात उभा राहिलो आणि मग मला आठवलं. माझी टोपी गेली ते गेलंच, पण साहेबांची टोपी? ह्या शहरात टोपी आता औषधालाही मिळणार नव्हती. परवाच्या बोटीनं परत जायचं आणि साहेबांपुढे काय ठेवायचं? द्राक्षं? अकरा वर्षांची पेशकारी त्या लाल ढिगाखाली गाडली गेली होती.

अशा वेळी माणूस आपल्या नियमाकडे वळतो. मी विचारत विचारत तटापर्यंत गेलो. डावा हात लावला आणि चालू लागलो. म्हटलं, तटाच्या कडेनं जुनी वस्ती असते, जुने लोक असतात, कुठं तरी एक टोपी सापडेल. नाहीच सापडली तर चक्कर मारून पुन्हा इथंच येऊ. तट तर गोलच!

वाचकहो, तो तट गोल नव्हता. एक कोस गेलो, दोन कोस गेलो. पडके बुरूज, खंदकात कोबीचे मळे, कुत्री. हात काळा झाला, बोटांची सालं निघाली, आणि शेवटी तट संपला तो सरळ समुद्रात! डावा हात भिंतीवर आणि उजवा पाय पाण्यात, असा मी उभा होतो. औरंगाबादच्या बावन्न दरवाज्यांनी मला हे सांगितलंच नव्हतं.

परत फिरलो तर तटाला टेकून एक खोपटं दिसलं. आत एक म्हातारा कात्रीनं काहीतरी लाल कापत बसला होता. जवळ गेलो. सपाता! रूमी टोप्या उभ्या कापून तो घरात घालायच्या सपाता शिवत होता! ठाण्यावरचा ढीग कुठं जातो ते मला कळलं. मी त्याच्यापुढे बसलो, फारसीत सांगितलं, हातवारे केले, डोक्यावर हात ठेवला, हात जोडले. एक! फक्त एक अख्खी!

म्हातारा उठला. दार लावलं. कान देऊन बाहेरचा कानोसा घेतला. मग जमिनीची एक फळी उचलून त्यानं आतून कापडात गुंडाळलेली वस्तू काढली.

काय ती टोपी! साच्यावर ताजी चढवलेली, कडक, डाळिंबी. गोंडा नवाकोरा. आतून पिवळ्या साटीनचं झुळझुळीत अस्तर. मी ती डोक्यावर ठेवली. अशी बसली, जशी माझ्याच डोक्याचं माप घेऊन केली होती! आणि कापड? आपल्याकडच्या टोपीला ती सर कुठली! मला साहेबांचं पटलं. आपलं ते सगळं नकल.

म्हाताऱ्यानं माझ्या खिशातल्या साखळीकडे बोट केलं. मी सासऱ्यांचं घड्याळ काढलं, एकदा कानाला लावलं आणि देऊन टाकलं. पेशकार झाल्यावर दुसरं घेऊ!

आता ती न्यायची कशी? पुलाच्या तोंडाशी पोलीस बोचकी तपासत होते. मी टोपी डोक्यावर घातली आणि वरून ती जांभळी हॅट दाबून बसवली. सुपाएवढी होती म्हणून लपली, पण माझी उंची वीतभर वाढली. मान ताठ ठेवून मी पुलापाशी आलो. पाहतो तो मिशीवाला उभा!

त्यानं मला ओळखलं. तोंडभर हसला. आणि नव्या रिवाजाप्रमाणे त्यानं आपली पोलिसी टोपी उचलून मला सलाम केला. साहेब लोक करतात तसा! आता मीही हॅट उचलायला हवी होती. उचलली तर खाली काय निघालं असतं ते तुम्हाला माहीत आहे. मिशीवाला टोपी हातात धरून वाट बघत होता. त्याचं हसू हळूहळू कमी होत होतं.

शेवटी निजामाचं राज्य कामाला आलं. मी कमरेत वाकलो आणि दरबारी पद्धतीनं खालपासून वरपर्यंत हात नेत आदाब केला. एकदा नव्हे, सात वेळा! हॅट एका हातानं घट्ट धरून! मिशीवाला चकित झाला. मग त्यानंही वाकून तसंच करायचा प्रयत्न केला. मागचे दोघं-तिघं त्याचं बघून वाकले. त्या गडबडीत माझं एक द्राक्ष सुटून रस्त्यावर घरंगळलं, ते मिशीवाल्यानं धावत जाऊन आणून दिलं. मी पूल ओलांडला.

सराईत शेठनं दार उघडलं आणि धाडकन लावून घेतलं. आतून आवाज आला, "बाईमाणसानं इथं यायचं न्हाई!"

"शेठ, मी हाय! नरहर!"

दार फटीएवढं उघडलं. "पंत? असं कामून करून राह्यले? अन् दिवसभर गेल्ते कुठं?"

"ते सोडा. कागद आणा, वाचून देतो."

"कागद झाले," शेठ म्हणाले. "आडतीचा माणूस आल्ता. त्याला पापड भाजून देल्ला, लोणचं देल्लं. त्यानं गाठी सोडवून देल्ल्या. वाचायचं कामच पडलं न्हाई!"

परतीच्या वाटेवर मी टोपी पेटीत ठेवली आणि त्या पेटीवर झोपलो. जालना स्टेशनावर कडूबा धावत आला. "पंत! साहेब रोज इचारून राह्यले. रूमात टोपी बंद झाली म्हनं, पेपरात आल्तं. साहेबानं दोन रोज जेवन सोडलं! म्हन्ले, आता नरहर राव आनंल तीच शेवटची. परवा दुपारी साहेबांच्या बंगल्यावर चार लोक बोलावलेत. आनली नं?"

"आणली!"

कडूबानं मला आत्ताच पेशकार झाल्यासारखा सलाम ठोकला.

घरी उंबऱ्याबाहेरच मला थांबवण्यात आलं. भटजी बसलेच होते. डोकं भादरलं, पंचगव्य पाजलं, नवं जानवं घातलं. चार घंगाळं पाणी डोक्यावरून गेलं. मी कुडकुडत आत आलो, धोतर नेसलो आणि विचारलं, "माझी पेटी कुठाय?"

"परसात," कुटुंब म्हणाली. "म्हनलं व्हतं नं, सामान बी धुऊन घेईन! समदं रिठ्याच्या कढत पान्यात टाकलंय."

मी परसाकडे धावलो. घंगाळातलं पाणी लाल झालं होतं. त्यात माझी दोन धोतरं गुलाबी होऊन तरंगत होती, आणि मधोमध टोपी! मी ती वर काढली. ती नव्हेच ती. ताठा गेलेला, गोंडा नाकाखालच्या मिशीसारखा चिकटलेला. आणि पिवळं अस्तर सुटून बाहेर लोंबत होतं.

"बुडालो!" मी घंगाळाशेजारीच बसलो. "पेशकारी बुडाली!"

कुटुंबानं माझ्या हातून टोपी घेतली, पिळली, उलटी केली. आणि बघतच राहिली.

"अहो."

"काय!"

"रूमी लोक टोपीत राघू काढतेत का?"

"काढत असतील!"

"चोचीत मिरची?"

मी वळून बघितलं. माथ्यावर, जिथून अस्तर सुटलं होतं तिथं, हिरव्या रेशमाचा चिंचोक्याएवढा राघू बसला होता. ओला झाला होता, पण मिरची सोडली नव्हती.

कुटुंबानं मग एकेक विचारलं आणि मी एकेक सांगितलं. पोतं, ढीग, तट, म्हातारा. घड्याळापाशी मी जरा थांबलो, पण तिनं सोडलं नाही. ऐकता ऐकता ती इतकी हसली की परसातल्या दगडावर बसली. आणि मग एकदम हसायची थांबली.

"माझ्या बापाचं घड्याळ देऊन," ती म्हणाली, "माझाच राघू इकत आनला?"

मी म्हटलं, "उद्या साहेबाला समदं खरं सांगून टाकतो. पेशकारी जाऊ दे."

"थांबा," ती म्हणाली. तिनं टोपी सावलीत वाळवली. दुसऱ्या दिवशी कडूबाकरवी बाजारातल्या टोपीवाल्याकडून पितळी साच्यावर चढवून घेतली. लोकर काय, पुन्हा उभी राहिली. अस्तर मात्र फाटलं होतं. मी म्हटलं, राघू उसवून टाक. तर ती सुई खाली ठेवून म्हणाली, "न्हाई. रूमाहून जिता परत आला त्यो. मी त्याला हात लावायची न्हाई."

बंगल्यावर चार मोठी माणसं बसली होती. मी रुमालावर टोपी ठेवून पुढे केली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"वाह! देखो, देखो! नरहर राव, अपनी वो पुरानी टोपी याद करो. जमीन-आसमान का फर्क!"

"जी हुजूर. फरक तर हाय."

मग त्यांनी टोपी उलटी केली. आत बघितलं. दारातल्या कडूबाचा डावा हात, रोजची ओळखीची गोष्ट आली की जातो तसा, आपोआप वर गेला. त्यानं तो राघू रोज संध्याकाळी बघितलेला होता!

"ये क्या है?"

"हुजूर," मी धीर गोळा केला, "हे माझ्या घरच्या..."

"चुप!" साहेब कुजबुजले. "ये उस कारखाने का निशान है! शाही कारखाना! देखो, चोंच में मिर्ची! एक एक पंख अलग! सुभानअल्ला!" टोपी चारही पाहुण्यांच्या हातांतून फिरली, चौघांनी माना डोलावल्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "सच बोलो नरहर राव. इतनी बारीक कारीगरी अपने मुल्क में कोई कर सकता है?"

मी साहेबांकडे बघितलं. त्यांच्या उजव्या हाताची रिकामी खुर्ची बघितली.

"न्हाई हुजूर," मी म्हणालो. "कोणीच न्हाई."

त्याच संध्याकाळी हुकूम निघाला. मी पेढे घेऊन घरी आलो.

"साहेब काय म्हनले?" कुटुंबानं विचारलं.

"लई खूश! राघू बघून तर येडेच झाले. म्हणले, अशी कारीगरी आपल्या मुलखात कोणाला येती का?"

ती एकदम फुलली. लग्नानंतर मी तिला इतकं खूश बघितलं नव्हतं. पदर सारखा करत म्हणाली, "मंग? तुमी काय म्हनलात?"

मी पेढ्याचा पुडा सोडायला लागलो. गाठ काही सुटेना. ती बघत राहिली. तिला जे कळायचं ते कळलं. ती उठली आणि आत गेली.

ह्या गोष्टीला वीस वर्षं झाली. मी पेशकार आहे. अख्खा तालुका मला लवून सलाम करतो. साहेबांच्या उजव्या हाताला बसून कागद वाचतो आणि संध्याकाळी बाकीच्यांबरोबर खुंटीवरून टोपी घेतो. नवी टोपी मी तेव्हाच घेतली होती. तिच्यात राघू काढून दे, असं मी कुटुंबाला तीन वेळा म्हटलं. तिन्ही वेळा ती म्हणाली, "मला न्हाई येत बाई. आपल्या मुलखात कोनालाच येत न्हाई."

काल आणली ती कोणाची आहे कोण जाणे. कानांवर येते.